भाररेषा

कुडचड्यात, बंद पडलेल्या टायरच्या दुकानात
तियोतोनचं जिम.
दारावर अजून लिहिलेलं आहे: पंक्चर काढून मिळेल.
कुणी पुसलं नाही.

पहिल्या वर्षी मी भराभर वाढले,
दर सोमवारी अडीच किलो,
पतसंस्थेच्या पासबुकात व्याज पडावं तसे.
चाळीस. पन्नास. साठावर आले तेव्हा
केप्याच्या ऑफिसात बायका म्हणाल्या,
सुलक्षा, गुडघे जातील गो तुझे.
गुडघे गेले नाहीत. साड्यांचे ब्लाउज गेले,
पाठीत उसवले.

तियोतोन खाणीवर फिटर होता. जॅकची भाषा बोलतो.
श्वास पोटात भर, छातीत नको.
टाचेने जमीन दाब.
मांडी गुडघ्याखाली गेली नाही तर मी मोजणार नाही,
आणि वर येताना कंबर आधी उठली
तर समज, वजन तुझं नाही,
उसनं आहे.

मग साडेब्याण्णव.
आणि मग साडेब्याण्णवच.
एक पावसाळा, एक शिगमो, परत पावसाळा.
पंचाण्णवखाली मी बसायची
ती बसलेलीच राहायची,
रॅकच्या आडव्या दांड्यांवर लोखंड खण्णकन टेकायचं
आणि मी खालून रांगत बाहेर यायची,
खाटेखाली गेलेली चप्पल काढून यावं तशी.

झोप वाढवली. उकड्या तांदळाची पेज वाढवली.
आठवड्याला तीन दिवसांचे दोन केले.
तियोतोनने लेथवर पाव किलोच्या चकत्या कातून दिल्या,
भाकरीपेक्षा लहान. हसू यायचं त्या लावताना.

दीपराज चार महिन्यांत चाळीस किलो चढला.
त्याच्या खांद्यांवर पुरळ, डोळ्यांत सतत कुणाशी तरी भांडण.
एकदा हळूच म्हणाला, ताई, पाहिजे तर आणून देतो,
कागदात गुंडाळलेली बाटली, बोटाएवढी.
मी नको म्हटलं.
त्यात थोर काही नव्हतं. मला सुईची भीती वाटते.

त्या दिवशी तियोतोनने सुताराची टेप घेतली,
कमरेपासून गुडघ्यापर्यंत मापलं,
परत मापलं, आणि म्हणाला,
हाड लांब आहे तुझं. बापाचं आहे.
वाकावं लागतं तुला इतरांपेक्षा जास्त.
थोडं वाढेल अजून. फार नाही.
पुरो.

पुरो म्हणजे पुरे,
पण मी लहानपणी तो शब्द धक्क्यावर ऐकला होता.
बाबा बार्जवर तांडेल.
पट्ट्यावरून खनिज कोसळत असायचं, लाल,
आमच्या पापण्यासुद्धा लाल,
आणि बाबा कठड्यावरून ओणवे होऊन
पाण्याकडे बघत असायचे, मालाकडे नाही.
बार्जच्या कुशीवर रंगवलेली रेघ
पाण्याला टेकली की हात वर: पुरो!
खाणवाल्याचा माणूस ओरडायचा, अजून दहा टन जातील की.
बाबा म्हणायचे, जातील. परत येणार नाहीत.

पावसाळ्याची रेघ वेगळी, खालची.
आणि गोड्या पाण्यात बार्ज जास्त बुडते,
खाऱ्यात जरा वर येते. माल तोच.
हे मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं.

एक्केचाळीस वर्षं. पाळीच्या आधीचे चार दिवस.
ऑफिसात मार्चअखेर.
आता मी बारखाली जाण्याआधी बघते,
आज पाणी कुठलं आहे.

काल साडेब्याण्णव, दोन्ही बाजूंना एकेक चकती.
त्र्याण्णव.
खाली गेले, तळाशी क्षणभर काहीच नव्हतं,
ना आवाज, ना मी,
मग टाचा, मग मांड्या, मग कंबर, क्रमाने.
तियोतोन पुरो म्हणाला नाही.
वहीत लिहिलं, आणि पंख्याखाली जाऊन बसला.

घरी जाताना पुलावर थांबले. पायऱ्या चढून
पाय थरथरत होते, कठडा धरावा लागला.
खालून एक रिकामी बार्ज वर चालली होती,
उंच, पोकळ, धडधडत.
तिची रेघ पाण्याच्या कितीतरी वर,
कोरडी, रंग उडालेली,
आणि तिच्यावर एक बगळा सावली टाकत
पुढे निघून गेला.